गर्मियानचे शेवटचे प्रकरण

जन्मभर मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हटलं नाही. ‘इकडून केव्हा येणं होईल’, ‘इकडचं पान वाढू का’, असंच बोलत आले. आता इकडे कुणी नाही, तेव्हा त्या शब्दात काही उरलं नाही. म्हणून ‘तुम्ही’ म्हणते. राग आला तर येऊ दे. राग यायला तुम्ही इथे असता तर मी हे कशाला लिहीत बसले असते?

परवा तुमचं तेरावं झालं. माणसं पांगली, मोठी पातेली ज्यांची त्यांना परत गेली, आणि घरात मी उरले आणि तुमची बखर उरली. ठाण्यातल्या लोकांना ती ‘मास्तरांचं तुर्की खूळ’ म्हणून ठाऊक आहे. दूर रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, मुलखातलं एक जुनं, लहानसं राज्य, गर्मियान त्याचं नाव, आणि त्याच्या गादीवर बसलेल्या बेगांच्या घराण्याची हकिगत. शेवटच्या बेगाला मूल नव्हतं. त्याचं राज्य शेजारच्या उस्मानी सुलतानाकडे गेलं. कसं गेलं, यावर आपलं भांडण होतं. तुम्ही म्हणत होतात, त्यानं ते दिलं. मी म्हणत होते, त्याच्याकडून घेतलं. शेवटचं प्रकरण त्या एका शब्दावर अडलं आणि तुम्ही निघून गेलात.

आता तोच शब्द माझ्या दारात येऊन बसला आहे. आपल्यालाही मूल नाही. तुमचे धाकटे भाऊ म्हणतात, वहिनी, माझ्या गणूला मांडीवर घ्या, दादाचं घर त्याच्या हाती द्या. तुम्ही मात्र दत्तकाबद्दल हो की नाही, एक अक्षर न बोलता गेलात. मी कुणाला विचारू? देव्हाऱ्यातल्या देवांना विचारून झालं. ते तुमच्याहून गप्प आहेत.

खूळ लागलं ते रूस आणि रूम यांच्या लढाईच्या वेळी. तेव्हा ठाण्यात ज्याला त्याला तुर्कस्तान ठाऊक झालं होतं. खाडी ओलांडून कधी कळव्यापलीकडे न गेलेली माणसं तळ्याच्या काठी बसून सुलतानानं फौज कुठे ठेवायला हवी होती ते एकमेकांना समजावत. लढाई संपली, लोक ती विसरले, आणि तुम्ही एकटे तिथेच राहिलात. रविवारी आगगाडीनं कल्याणला मौलवीसाहेबांकडे फारसी शिकायला जात होतात. त्यांच्याकडे उस्मान्यांची एक जुनी तवारीख होती, पुढची-मागची पानं गळालेली. उस्मान्यांचे पराक्रम चालू असताना मध्येच कुठे दोन ओळी, कुठे अर्धं पान गर्मियानचं यायचं. दुसरा कुणी असता तर पान उलटून पुढे गेला असता. तुम्ही तिथे बोट ठेवून बसलात.

लोक विचारत, मास्तर, आपल्या मातीत काय थोडे राजे झाले? तुम्ही म्हणायचात, मोठ्यांना भाट पुष्कळ मिळतात, या बिचाऱ्यांना मी एकटाच आहे. मी त्याला तुमचं गरमीचं राज्य म्हणायची, कारण नाव ऐकलं की वैशाखातलं ठाणं डोळ्यांपुढे यायचं. तुम्ही सांगितलंत, अगं, तिथे बर्फ पडतं. मी म्हटलं, मग आधी नाव बदला, मग बखर लिहा.

तुम्ही शाळेतून यायचात, हातपाय धुवायचात, आणि मी माजघरात मोड आलेले वाल सोलायला बसले की उंबऱ्याच्या पलीकडे बसून वाचायला लागायचात. आवाज हळू, कारण मास्तर बायकोला बखर वाचून दाखवतात हे कळलं असतं तर ओटीवर चेष्टेला ऊत आला असता. माझे हात चालू, तुमचं तोंड चालू. एकदा वाल सोलून संपले आणि प्रकरण संपलं नव्हतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, उद्यापासून थोडे जास्त भिजत घाल. त्या आठवड्यात आपण इतकं वालांचं बिरडं खाल्लं की तुमचं पोट बिघडलं.

याकूब बेगाची कैद तुम्हाला आठवते का? तोच गर्मियानचा शेवटचा बेग. उस्मानी सुलतान बायजीद यानं त्याचा मुलूख घेतला आणि त्याला दूरच्या एका किल्ल्यात कोंडलं. काही वर्षांनी तो तिथून निसटला. तुम्ही वाचलंत, ‘याकूब बेग दरवेशांत मिसळून पळाला.’ माझ्या हातातला वाल गळला. मी विचारलं, मग अस्वल कुणी धरलं होतं? तुम्हाला कळेना. मी म्हटलं, दरवेशी म्हणजे अस्वलवालाच ना? टेंभीनाक्यावर येतो, डमरू वाजवतो, पोरांच्या ताइतात घालायला अस्वलाचा केस देतो. राजा झाला म्हणून काय, टोळीत शिरल्यावर दोरीला हात लावावाच लागला असेल. तुम्ही कपाळाला हात लावलात. फारसीत दरवेश म्हणजे फकीर, एवढंही आमच्या घरात शिरत नाही, म्हणालात, आणि जेवताना माझ्याशी बोलला नाहीत.

पुढच्या रविवारी कल्याणहून आलात ते चेहरा पाडून. जोडे काढायच्या आधीच सांगितलंत. मौलवीसाहेबांनी ती जागा पुन्हा लावून दिली होती. वाक्याचा उरलेला भाग पुढच्या पानावर गेला होता आणि तुम्ही तो वाचलाच नव्हता. त्यात अस्वलं होती. माकडंही होती. खेळ करणाऱ्यांच्या टोळीत शिरून, जनावरं नाचवत, याकूब बेग बायजीदच्या मुलखातून पार झाला आणि तैमूरलंगाच्या छावणीत पोचला. मी चुकून बरोबर निघाले होते. तुम्ही म्हणालात, ‘आजपासून तुला ऐकवल्याशिवाय एक पान पक्कं करणार नाही.’ आणि ते पाळलंत. चुकीबद्दल एवढा मान दुसऱ्या कुठल्या बाईला मिळाला असेल? मी त्या दिवशी सोड्यांची खिचडी केली होती आणि तुम्ही तीनदा मागून घेतलीत.

हे आठवलं की मला हसू येतं आणि मग भीती वाटते. ही गोष्ट जगात आपल्या दोघांनाच ठाऊक होती. आता माझ्या एकटीकडे आहे. मी विसरले तर ती घडलीच नव्हती असं होईल.

पहिलं खरं भांडण झालं ते याकूबच्या बहिणीवरून. त्यांचा बाप सुलेमानशहा. उस्मानी वाढत चालले तसा तो घाबरला, आणि त्यानं मुलगी बायजीदला दिली. बायजीद तेव्हा नुसता राजपुत्र होता. मुलीबरोबर आंदण म्हणून राजधानी कुताहिया दिली आणि आसपासचे किल्लेही दिले, आणि स्वतः म्हातारा एका लहान गावी राहायला गेला. तुम्ही म्हणालात, त्यात नवल काय, आपली मुंबई आंदणातच गेली. मी विचारलं, मुलीचं नाव काय? तुम्ही पानं चाळलीत. लग्नात आलेल्या घोड्यांचं वर्णन होतं. कापडाचं होतं, ते कुठल्या गावी विणलं तेही होतं. मुलीचं नाव नव्हतं. मी विचारलं, किल्ल्यांची आहेत का? किल्ल्यांची होती.

मी हट्ट धरला म्हणून तुम्ही मौलवीसाहेबांना विचारून आलात. त्यांचं उत्तर त्यांच्याच बोलीत सांगितलंत. ‘मास्तर, घरात सांगा, तिचा नाव किताबात नाय. लिवणाऱ्याला गरज वाटली नाय.’ दुसरी एखादी तवारीख हाती लागली तर शोधतो, असं तुम्ही कबूल केलं होतंत. ते राहिलं. बखरीत तिच्या नावाची जागा तुम्ही कोरी सोडली आहे, आणि मला फारसीचं अलिफसुद्धा येत नाही.

पण खरं सांगू, तुम्ही ती जागा सोडलीत हे मला फार आवडलं होतं. दुसऱ्या कुणी ‘सुलेमानशहाची कन्या’ लिहून काम भागवलं असतं. आवडलं हे मी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे नवऱ्याला चांगलं म्हणायची रीत नाही, भांडायची आहे.

बापानं निम्मं राज्य आंदणात घालवल्यावर याकूब गादीवर आला. उरलेलं मेव्हण्यानं घेतलं. तैमूरनं बायजीदला हरवून ते याकूबला परत मिळवून दिलं. मग शेजारच्या करामान राज्याच्या बेगानं घेतलं, पुढे उस्मान्यांनी तेही परत मिळवून दिलं. राज्य म्हणजे काय शेजारणीची चाळण आहे, कुणीही न्यावी आणि आणून द्यावी, असं मी म्हणायची आणि तुम्ही हसायचात. मग याकूब म्हातारा झाला आणि आपलं हसणं थांबलं, कारण म्हाताऱ्याला मूल नव्हतं.

दुसऱ्या बहिणींचे मुलगे होते. त्यांना राज्य द्यायचं त्याच्या मनात नव्हतं. ऐंशी उलटल्यावर तो उठला आणि एवढा लांबचा प्रवास करून उस्मान्यांच्या एदिर्ने शहरी गेला. बायजीदचा नातू मुराद तेव्हा सुलतान होता, वयानं पोरसवदा. त्यानं म्हाताऱ्याचा फार मान केला. आणि म्हाताऱ्यानं सांगितलं, माझ्यामागे गर्मियान तुझं. मग घरी परत आला आणि थोड्याच काळात वारला. तुम्ही शेवटच्या प्रकरणाच्या माथ्यावर लिहिलंत, ‘याकूब बेगाने राज्य दिले.’ मी म्हटलं, शब्द चुकला.

त्या संध्याकाळी तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. त्याला काय कुणी धरून नेलं होतं, आपल्या पायांनी गेला, म्हणालात. मी म्हटलं, सासरी मुलगीसुद्धा आपल्या पायांनीच जाते. किताबात ‘दिलं’ असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणालात. मी विचारलं, किताब कुणाची? ज्यांनी घेतलं त्यांच्या पदरच्या माणसाची. घेणारा ‘दिलं’च म्हणणार. आपल्याकडे दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा केली, तेव्हाही कागद अगदी व्यवस्थित होते. तुम्ही म्हणालात, ‘जे जाणारच आहे ते आपल्या हातानं द्यावं. तेवढाच मान माणसाकडे उरतो. त्यानं काय करायला हवं होतं, त्या वयात लढायला हवं होतं?’ मी म्हटलं, ‘काही करायचं नाही. घरी बसायचं. घ्यायचं असेल तर येऊन घ्या म्हणायचं.’

 वाल कधीच सोलून झाले होते, तरी मी टोपलीत हात फिरवत राहिले. याकूबबद्दल बोलत नव्हतो आपण, हे तुम्हाला कळलं होतं आणि मला कळलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा टांगला गेला नाही, आणि त्याबद्दल आपण कधी एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत. का केलं नाहीत, हेही मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती. तुर्कस्तानातल्या एका म्हाताऱ्याच्या आडून बोलणं सोपं होतं. त्याचं दुःख आपण उसनं आणलं आणि त्यावर मनसोक्त भांडलो.

गेल्या दिवाळीत भावोजींनी दत्तकाचा विषय तुमच्यासमोर उघड काढला होता. तुम्ही म्हणालात, बघू. छप्पर शाकारायचं, बघू. परसातला फणस तोडायचा, बघू. माझ्या कुडीचा मोती पडला, बघू. मी चिडवायची की यमानं बोलावलं तरी तुम्ही त्याला बघू म्हणाल आणि तो कंटाळून परत जाईल. माझं तेवढंही खरं झालं नाही. बघू बघू म्हणत तुम्हीच डोळे मिटलेत.

शेवटच्या रविवारी कल्याणहून आलात ते तापानं फणफणून. वैद्य झाले, काढे झाले, खाडीपलीकडच्या देवीला नवस बोलून झाला. शुद्ध असायची तेव्हा विचारायचात, ‘शब्दाचं ठरलं का?’ मी म्हणायची, ‘बरे व्हा, मग भांडू.’ लहान मुलाला खाऊ दाखवावा तसं मी तुम्हाला भांडण दाखवत होते. भांडणासाठी तरी उठाल असं वाटलं होतं. तुम्ही उठला नाहीत. मी काय काय कबूल केलं देवाला, तुम्हाला ठाऊक नाही. मी तुमचा शब्दही कबूल केला. दिलं म्हणते, दिलं, दिलं, पण यांना उठव, असं म्हटलं. तेसुद्धा कुणी ऐकलं नाही.

दहाव्याला पुरुषमाणसं खाडीवर गेली. बायकांनी तिथे जायचं नसतं, म्हणून मी मागच्या दारात उभी होते. ऊन चढलं तरी कुणी येईना. मग भावोजी आले. डोळे लाल, अंग ओलं. ओटीवर बसून त्यांनी सांगितलं की कावळा पिंडाला शिवत नव्हता. काठच्या तिवरांच्या झाडांवर बसून नुसता बघत होता. वहिनींना सांभाळू म्हटलं, शिवला नाही. दादाचं वर्षश्राद्ध नीट करू म्हटलं, शिवला नाही. शेवटी म्हटलं, गणूला वहिनींच्या मांडीवर देऊ, तुझं घर चालू राहील, आणि कावळा झेपावलाच. ‘दादाची इच्छा हीच होती, वहिनी,’ असं म्हणून ते हमसून रडले.

भावोजी खोटं बोलत नव्हते. मी या घरात आले तेव्हा ते एवढेसे होते, त्यांना मी भरवलं आहे, त्यांचं खोटं मला आवाजावरून कळतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी दाराआडून विचारलं, बखर पुरी करू, असं कुणी म्हणून बघितलं का? कुणीच म्हटलं नव्हतं. कुणाला आठवलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एकदा वाटतं, कावळ्याला भूक लागली असेल. एकदा वाटतं, जिवंतपणी ज्यानं कधी कशाला झटक्यात हो म्हटलं नाही, तो कावळा होऊन म्हणेल? आणि मग वाटतं, तेच असेल तर? खरंच तुम्ही तिथे बसला असाल, एवढीच एक गोष्ट मनात अडकली असेल, आणि मी ती मोडत असेन तर? तुमच्या इच्छेची बातमी मला दुसऱ्याच्या तोंडून कळावी, आणि तीही ज्याला घर मिळायचं त्याच्या तोंडून. याकूबची इच्छाही आपल्याला अशीच कळली ना?

तेराव्याला मौलवीसाहेब कल्याणहून आले. ओटीच्या कडेला बसले, पाण्याला हात लावला नाही, नुसते डोळे पुसत होते. मी आडोशाला उभी राहून गड्याकडून विचारवलं की त्या शेवटच्या रविवारी त्यांच्याकडे काय बोलणं झालं. ते दाराकडे न बघता थेट मलाच बोलले. ‘बाय, मास्तरानी पुसला, दिला की घेतला? मी बोल्लो, किताबात दिला लिवलंय. पण लिवणारा उस्मान्यांचा चाकर.  मंग मास्तर उठता उठता बोल्ला, बघू.’

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. हसत होते की रडत होते, माझं मला कळलं नाही. तुम्ही माझ्या शब्दाकडे वळत होतात का? की तुमचाच पक्का करून उठलात? एक शब्द जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं?

पंगती उठल्यावर भावोजींनी घरच्या वडीलधाऱ्यांना ओटीवर बसवलं आणि मला दारात बोलावलं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कुटुंब एकत्र आहे, घरावर भावाचा हक्क आहे, तेव्हा आज ना उद्या ते त्यांच्याकडे यायचंच आहे. वहिनींना कुणी बाहेर काढत नाही. गणूला मांडीवर घेतलं तर त्या मालकिणीसारख्या राहतील, नाही घेतलं तरी दोन वेळचं जेवण आणि परसाकडची खोली आहेच. ‘पण तुम्ही आपणहून दिलंत तर शोभा राहते,’ ते म्हणाले. ‘लोक म्हणतील, वहिनींनी दिलं.’

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. इतक्या पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते.  मी म्हटलं, ‘भावोजी, घर तुमच्याकडे येणार हे मला ठाऊक आहे. गणू मला परका नाही, तो माझ्या हातचं जेवतो, पुढेही जेवेल. पण घेताय तर घेतलं म्हणा. मी दिलं असं म्हणू नका.’

 मौलवीसाहेबांनी मान खाली घातली. भावोजी माझ्याकडे बघत राहिले, आणि ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, ‘आणि दादाला पाणी कोण देणार, वहिनी?’

  तुम्हाला तहान लागेल तेव्हा कुणाचं नाव घेऊन कोण ओंजळ सोडेल, मला ठाऊक नाही. भावोजी आहेत तोवर ते करतील. पुढचं मी मोडलं. मी एका शब्दासाठी तुमचं पाणी तोडलं, असं बायका विहिरीवर बोलतात, आणि मला ते खोटं म्हणता येत नाही. मी घर वाचवलं नाही. मालकिणीचं पान घालवलं, पुतण्याची माया घालवली. हातात काय राहिलं, तर जे झालं त्याला त्याच्या नावानं हाक मारली, एवढंच. तेवढ्यानं पोट भरत नाही आणि झोपही येत नाही.

महिनाअखेर ते बिऱ्हाड घेऊन येतील. जाऊबाई फळीवरचे तुमचे कागद बघून गेल्या. लोणच्याच्या बरण्यांना ती फळी बरी पडेल, असं त्या आपल्याशीच म्हणाल्या. वाईट बाई नाहीत त्या, त्यांना बरण्या ठेवायला जागा हवी आहे. म्हणून मी कालपासून शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. तुम्ही सांगितलेलं सगळं मला आठवतं. म्हाताऱ्याचा प्रवास, मुराद सामोरा आला ते, परत आल्यावरचं त्याचं मरण. तुमच्यासारखी भाषा मला येत नाही, मी वाल सोलता सोलता सांगितल्यासारखं लिहिते. बहिणीच्या नावाची जागा कोरीच ठेवली आहे.

आज परत वर, प्रकरणाच्या माथ्याशी आले. तिथे तुमच्या हातचं ‘याकूब बेगाने राज्य दिले’ आहे. तुमचं अक्षर बघून टाक खाली ठेवला, पुन्हा उचलला. कदाचित तुमचंच खरं असेल. कदाचित म्हातारा खरोखर मोकळ्या मनानं गेला असेल, त्या तरुण सुलतानाच्या चेहऱ्यात त्याला काही आपलं दिसलं असेल, आणि मी उगाच त्याच्यावर माझं दुःख लादत असेन. तुम्ही समोर बसून वाद घातला असता तर मी कदाचित ऐकलंही असतं. एकटीला दोन्ही बाजूंनी भांडता येत नाही हो.

मी तुमच्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं, ‘उस्मान्यांनी याकूब बेगाचे राज्य घेतले.’ माझं अक्षर वाकडं आलं आहे. शाई वाळली. उंबऱ्यापलीकडून कुणी हरकत घेतली नाही. चूक असेल तर अशी राहू देऊ नका. या, आणि खोडा.